गाडीला पाणी घातलंस का?

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांचा पहिला प्रश्न नातीबद्दल असतो आणि दुसरा गाडीबद्दल. "पाणी बघितलंस का रे?" गाडी म्हणजे आमची गोल्फ कार्ट. आमच्या घरात गोल्फ कुणीही खेळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही राहतो ते पीचट्री सिटी अमेरिकेत, अटलांटाच्या दक्षिणेला आहे. गावात नेहमीचे रस्ते आहेतच, पण त्यांच्याशिवाय झाडीतून, तळ्याकाठून जाणाऱ्या साधारण १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर लांबीच्या अरुंद डांबरी वाटा आहेत. त्यांवरून लोक पायी, सायकलनं आणि मुख्य म्हणजे गोल्फ कार्टनं फिरतात. किराणा आणायचा, लायब्ररीत जायचं, ४ जुलैचे फटाके बघायचे, सगळं कार्टनं. मॅकिन्टॉश हायस्कूलच्या आवारात तर आपल्याकडे कॉलेजबाहेर स्कूटी लागतात तशा कार्ट लागलेल्या असतात. नगरपालिकेत नोंदणी करून नंबराचं स्टिकर लावावं लागतं. आमची विजेवर चालणारी, सेकंडहँड.

सीट उचलली की खाली ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या, मिळून ४८ व्होल्ट. प्रत्येकीत ४ सेल, म्हणजे एकूण २४ झाकणं. विकत घेतली तेव्हा एवढंच कळलं होतं की यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. मी उत्साहानं चोवीसही सेल काठोकाठ भरले आणि गाडी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी गॅरेजच्या फरशीवर ओघळ. पुसायला गुडघे टेकले, तर दोन दिवसांनी धुतलेल्या जीन्सला गुडघ्यावर चाळण.

त्या उन्हाळ्यात बाबा आले. लोडशेडिंगच्या दिवसांत सांगलीत त्यांनी इन्व्हर्टर सांभाळला होता, त्यामुळे सीटखाली वाकल्यावर ते एकदम घरी आल्यासारखे दिसले. आधी घड्याळ आणि अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकली. मग माझ्या पान्याच्या दांड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळली. पाना चुकून दोन टर्मिनलवर आडवा पडला तर काय होतं, ते त्यांनी एकदा बघितलेलं आहे. आईनं दिलेलं स्टीलचं नरसाळं परत पाठवलं, प्लॅस्टिकचं मागवलं. "पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं. चार्ज होताना आतलं फुगतं, बुडबुडे येतात, मग उतू जाणार नाही तर काय? आधी फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच." आणि भरतानाही काठापर्यंत नाही, तोंडाच्या आतल्या नळीच्या जरा खालीच थांबायचं. उतू गेलं ते नुसतं पाणी नव्हतं, ॲसिडही गेलं होतं. ते काही वरून पाणी घालून परत येत नाही.

टर्मिनलवर साचलेला निळसर-पांढरा थर त्यांनी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासला. तो फसफसत होता तेव्हा माझी मुलगी टाळ्या वाजवत होती. सोडा सेलमध्ये जाऊ नये म्हणून झाकणं आधी घट्ट लावलेली. मग स्वच्छ पाणी, कोरडं फडकं आणि वरून व्हॅसलीनचं बोट.

इथल्या ऋतूंचं म्हणाल तर प्रत्येकाची खोडी वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये पाइनचे पराग पडतात. गाडी, अंगण, कुत्रं, सगळं हळद लागल्यासारखं पिवळं. धुवायचा मोह होतो, पण सीटखाली पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नाही, तिथे मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर असतो. उन्हाळा आपल्यासारखाच घाम काढणारा, त्यात पाणी भराभर आटतं. जुलै-ऑगस्टमध्ये मी दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून गॅरेजचं दार थोडं उघडं. शरद ऋतूत ओकची फळं टपाटप छतावर पडतात, आणि ओल्या पानांवर उतारावर ब्रेक लावला की पोटात गोळा येतो. टायरची हवा आणि ब्रेक मी तेव्हाच दाखवून घेतो. उंदरांनी एकदा सीटखाली घर केलं होतं, पण वायर वाचली.

खरा दणका बसला हिवाळ्यात. डिसेंबरमध्ये भारतात यायच्या आदल्या रात्री आम्ही ख्रिसमसची रोषणाई बघत खूप फिरलो, घरी आलो आणि बॅगा भरायच्या गडबडीत गाडी तशीच, चार्ज न करता ठेवून दिली. सीटखालचा खटकाही 'रन'वरच राहिला. तो 'टो'वर केला नाही तर गाडी उभी असतानाही कंट्रोलर थोडी थोडी वीज पीत राहतो. पाच आठवड्यांनी परत आलो, चार्जर लावला. चार्जर गप्प.

शेजारचे आजोबा विमान चालवून निवृत्त झालेले. मीटर लावून ते हसले. हा चार्जर आधी बॅटऱ्यांत पुरेसा व्होल्टेज आहे का ते बघतो, नसेल तर सुरूच होत नाही. म्हणजे फारच उपाशी असलेल्याला जेवण नाही. त्यांनी छोटा चार्जर आणून एकेक बॅटरी वेगळी थोडी वर आणली, दोन दिवस लागले, मग मोठ्या चार्जरनं गाडी ओळखली. उतरलेल्या बॅटरीतलं द्रावण जवळजवळ पाणीच झालेलं असतं, ते शून्याखाली सात-आठ अंशांतच गोठू शकतं. डबे तडकले नाहीत हे नशीब, असं ते म्हणाले. पण प्लेटांवर सल्फेटचा थर बसायचा तो बसलाच. शाळेजवळचा चढ जी गाडी गुणगुणत चढायची ती धापा टाकू लागली, आणि उन्हाळ्यात सहाच्या सहा बदलाव्या लागल्या. एकटी नवी टाकली असती तर जुन्या पाचांनी तिलाही ओढलं असतं. आजोबांनी स्वतः लिथियम घेतली आहे. तिला पाणी लागत नाही हे बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग तिला झालंय काय ते कळणार कसं?"

आता सांगलीत वीज फारशी जात नाही. मागच्या खेपेला बाबांनी त्यांचा हायड्रोमीटर टॉवेलात गुंडाळून, चकलीच्या डब्याशेजारी माझ्या बॅगेत ठेवला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. सेलमधलं द्रावण ओढून घ्यायचं, ॲसिड जितकं कमी तितका आकडा खाली. काल रात्रभर चार्ज करून सकाळी ग्रॅव्हिटी, म्हणजे द्रावणाची घनता, घेतली. तेवीस सेल १२६० ते १२७५. मागच्या डाव्या बॅटरीतला तिसरा १२२०. बाबांना फोटो पाठवला. सांगलीत तेव्हा संध्याकाळ होती, उत्तर लगेच आलं.

"उद्या परत घे. आणि मला सांग."