नॅन्टाहेलाच्या दरीत जुन्या कॅनूचा तळ पाहताना

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही बापलेक अटलांटाहून उत्तर कॅरोलायनातील ब्रायसन सिटीकडे निघालो, ते खळाळत्या पाण्यात चालवायची एक जुनी कॅनू, म्हणजे वल्ह्याने हाकायची अरुंद उघडी होडी, विकत घेण्यासाठी. ब्लेअर्सव्हिल, मर्फी, अँड्र्यूज ही गावे मागे पडली आणि टॉप्टनच्या पुढे उतार लागला, की रस्ता नॅन्टाहेला नदीच्या दरीत शिरतो आणि वेसरपर्यंत नदीची सोबत सोडत नाही. नॅन्टाहेला या चेरोकी नावाचा अर्थ ‘मध्यान्हीच्या सूर्याची भूमी’ असा सांगितला जातो, आणि दरीच्या तळाशी ऊन पोहोचायला होणारा उशीर पाहिला की तो पटतो. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटले की कोलाडला कुंडलिकेत राफ्ट उतरतात, तसेच येथेही वरच्या धरणाचे पाणी वीजघरातून सुटल्यावरच होड्या उतरतात. वल्हे मी पहिल्यांदा हाती धरले ते कुंडलिकेवरच.

मला हवी होती रॉयलेक्सची, एका माणसाने चालवायची कॅनू. रॉयलेक्स म्हणजे मधोमध फोमचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना एबीएस या कठीण प्लास्टिकचे थर आणि सर्वांत बाहेर रंगीत व्हिनाइलचे पातळ आवरण. खडकावर आदळून चेपलेली अशी कॅनू पुन्हा बऱ्याच अंशी पूर्ववत होते, म्हणून कित्येक वर्षे नदीवरच्या लोकांनी दुसरे काही फारसे मागितले नाही. 2014 मध्ये रॉयलेक्सचे उत्पादन थांबले. पुढे कॅनडातील एस्किफ या कॅनू बनवणाऱ्या कंपनीने टी-फॉर्मेक्स हा पर्याय आणला. पण रॉयलेक्सची कॅनू घ्यायची तर ती वापरलेलीच घ्यावी लागते, आणि वापरलेली घ्यायची तर तळाची झीज वाचता आली पाहिजे.

पहिली कॅनू वाटेतच एका अंगणात, कुंपणाला टेकवून ठेवलेली होती. तळावर ओरखडा जवळजवळ नव्हता आणि वरून काहीतरी तकाकी आणणारे लावलेले होते. मी काठाखालच्या कोपऱ्यात, जिथे ती तकाकी पोहोचली नव्हती, अंगठा घासला तर बोटावर खडूसारखी पांढरी भुकटी आली. ही भुकटी म्हणजे उन्हाने व्हिनाइल मेल्याची खूण, आणि व्हिनाइल मेले की खालच्या एबीएसला उन्हापासून राखणारे काही उरत नाही. तिचे काठ ॲश लाकडाचे होते. कडाक्याच्या थंडीत रॉयलेक्स लाकडापेक्षा पुष्कळ जास्त आकसते, आणि काठाचे स्क्रू हिवाळ्यापूर्वी सैल केले नाहीत तर ओढाताण होऊन स्क्रूच्या भोकांपासून खाली चिरा जातात. मुलीने विजेरी धरली आणि आतल्या बाजूने मोजायला सुरुवात केली. “बाबा, ही चौथी,” असे ती म्हणाली तेव्हा आम्ही मालकांचे आभार मानून निघालो. ओरखडे नसलेला तळ पाहून हुरळून जाणारे अनेक जण मी पाहिले आहेत. त्यांना मी कळकळीने सांगतो की कधी न वापरलेली आणि वर्षानुवर्षे उन्हात पडलेली कॅनू ही भरपूर वापरलेल्या कॅनूपेक्षा वाईट असू शकते.

दुसरी कॅनू ब्रायसन सिटीजवळच्या एका शेडमध्ये, छताला पट्ट्यांनी टांगलेली होती. तिचे मालक सत्तरीच्या पुढचे, बोलायला संथ. त्यांनी स्वतःहून ती गवतावर पालथी केली आणि म्हणाले, “मागचे टोक आधी पाहा.” त्यांचे म्हणणे योग्य होते, कारण पुढचे टोक हातात धरून कॅनू ओढत नेण्याची सवय असली की सगळा भार मागच्या टोकावर घासतो. येथे हिरवे व्हिनाइल तळहाताएवढ्या जागेत निघून गेले होते आणि खालचा फिकट एबीएस दिसत होता. मी गुडघे टेकून त्यावर नख फिरवले. व्हिनाइलच्या कडेशी नख अडखळले, पण पुढे एबीएसवर गुळगुळीत सरकले. बोटाने दाबल्यावर ती जागा दबली नाही आणि सच्छिद्र फोम कोठेही उघडा पडलेला नव्हता. फोम दिसू लागला असता तर मी किंमत निम्म्यावर आणायला सांगितले असते किंवा परतलो असतो. एबीएसपर्यंतची झीज मात्र इपॉक्सी आणि काचकापडाने भरून निघते. अनेक जण टोकांवर केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याच्या नमद्याच्या जाड पट्ट्या बसवतात. त्या टिकतात, पण जड असतात आणि पाण्यात खळखळ करतात. शिवाय विकत घेताना अशी पट्टी दिसली तर तिच्याखाली काय झाकले आहे, हे आतून पाहावेच लागते.

मग मुलीने पूर्ण तळावर बोटांच्या पेरांनी टकटक केली. सगळीकडे एकसारखा भरीव आवाज आला. थर सुटलेले असते तर तेथे आवाज पोकळ, बद्द आला असता. मी टोकाशी डोळा लावून तळाची रेषा पाहिली, कारण खडकाला वेढा घालून अडकलेल्या कॅनूच्या मध्यावर आडवी घडी राहते, आणि ती घडी आतल्या बाजूला व्हिनाइल फाटल्याच्या रेघेने अधिक स्पष्ट दिसते. तशी घडी नव्हती. एक उणीव होती, ती मालकांनीच दाखवली: तळ आणि बाजू जिथे मिळतात ती धार झिजून गोलसर झाली होती, त्यामुळे प्रवाहात वळताना कॅनूची पाण्यावर पूर्वीइतकी पकड राहत नाही. टोके दुरुस्त करता येतात. ही धार परत आणता येत नाही. मी अजून शिकणारा असल्यामुळे ती मला चालणार होती. त्यांनी 600 डॉलर मागितले होते, ते 525 ला तयार झाले आणि बसण्याचे सॅडल व हवेच्या पिशव्याही त्यांनी दिल्या.

रविवारी वीजघराखालून पाणी सुटल्यावर आम्ही नदीत उतरलो. धरणाच्या तळचे ते पाणी उन्हाळ्यातही बोटे बधिर करते. साधारण 13 किलोमीटर खाली, नॅन्टाहेला फॉल्सच्या अलीकडे, एका सपाट खडकावरून आमची कॅनू करकरत गेली. वेसरला काठावर आल्यावर मुलीने ती लगेच पालथी केली, नवा ओरखडा शोधून त्यावर नख फिरवले आणि म्हणाली, “व्हिनाइलच आहे, बाबा.”