तुम्ही विचारलंत म्हणून: रग्बी लीगमधला सर्वांत भारी गोलकिकर कोण?

पश्चिम सिडनीत राहायला आलेल्या मराठी घरांत क्रिकेट शाबूत राहतं, पण मुलं मोठी होता होता रग्बी लीगही शिरतं. मग ती मुलं मला गाठतात, कारण मी इथे जुना. प्रश्न ठरलेला: "काका, आजवरचा सर्वांत भारी गोलकिकर कोण?" त्याला जोडून दुसरा: "जुन्या व्हिडिओंत ते नाकासमोर पळत येऊन बुटाच्या टोकाने का मारतात? किती अडाणी दिसतं!"

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण त्याशिवाय पहिल्याचं देताच येत नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्राय झाला, म्हणजे चेंडू विरोधी संघाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीवर टेकवला, की ४ गुण, आणि जिथे चेंडू टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन खांबांमधून किक मारली की आणखी २. पेनल्टीचेही २. म्हणजे कोपऱ्यात ट्राय झाला, तर किक साइडलाइनला चिकटून. तिथून दोन खांबांमधली जागा अगदी चिंचोळी दिसते.

पूर्वी ही किक सरळ धावत येऊन, घोटा ताठ ठेवून, बुटाच्या टोकाने मारत. चेंडू चामड्याचा, पावसात पाणी पिऊन जड होणारा. त्याच्याखाली टी, म्हणजे चेंडू उभा ठेवायची प्लॅस्टिकची बैठक, नाही. बादलीतून वाळू आणायची, हाताने ढीग करायचा, त्यावर चेंडू बसवायचा. पाय ज्या रेषेत जातो त्याच रेषेत चेंडू जाणार, हा त्यामागचा हिशोब. त्यात गैर काही नाही. अडचण एवढीच की टोक फार छोटं. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला केसभर बाजूला लागला की सोंगटी भलतीकडे जाते, तसं.

तिरकं येऊन, कमरेतून वळून, पावलाच्या वरच्या बाजूने मारायची पद्धत सिडनीत रुळवण्याचं श्रेय बहुतेक जण हूकर या जागी खेळणाऱ्या जॉन ग्रे या इंग्लिश खेळाडूला देतात. तो १९७० च्या दशकाच्या मध्यावर नॉर्थ सिडनीकडून खेळायला आला. पावलाचा मोठा भाग चेंडूला लागतो, त्यामुळे थोडी चूक खपून जाते, आणि पाय मोठ्या कमानीतून फिरत असल्याने लांबीही मिळते. त्याची किंमत अशी की चेंडू वळतो. उजव्या पायाच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडून डावीकडे झुकतो, म्हणून त्याला डावा कोपरा सोयीचा आणि उजवा त्रासाचा. २०१५ च्या एनआरएलच्या (इथल्या मुख्य स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात नॉर्थ क्वीन्सलंडच्या जॉनथन थर्स्टनला शेवटची किक नेमकी उजव्या साइडलाइनवरून मारावी लागली. वेळ संपलेली, बरोबरी झालेली. चेंडू खांबाला लागून परत आला. नंतर जादा वेळेत त्यानेच फील्ड गोल (चालू खेळात खांबांमधून मारलेली किक, १ गुण) मारून सामना १७-१६ जिंकून दिला, म्हणून त्या किकचं कुणी फार मनावर घेत नाही.

तर अडाणी म्हणण्याआधी मिक क्रोनिनकडे बघा. पॅरामॅटा क्लबकडून सेंटरच्या जागी खेळणारा, गेरिंगाँगचा माणूस, शेवटपर्यंत बुटाच्या टोकाने मारत राहिला. १९७८ मध्ये त्याने एका मोसमात २८२ गुण केले आणि लागोपाठ २६ किक खांबांमधून घातल्या, त्या काळचे विक्रमच. १९८६ चा अंतिम सामना तर दोन्हीकडून एकही ट्राय न होता संपला: पॅरामॅटा ४, कँटरबरी २. ते चारही गुण क्रोनिनच्या दोन किकचे, आणि तो त्याचा शेवटचा सामना. आमच्या भागातले म्हातारे अजून तो सामना काढून बसतात, कारण पॅरामॅटाला त्यानंतर विजेतेपद मिळालेलं नाही.

तो चांगला होता तो पद्धतीमुळे नव्हे. तो दर वेळी तीच कृती तशीच करायचा. तिरक्या पद्धतीने हे कठीण काम जरा जास्त जणांच्या आवाक्यात आणलं, इतकंच.

उलट उदाहरणही द्यायला हवं. इंग्लंडमधल्या चॅलेंज कप स्पर्धेचा १९६८ चा अंतिम सामना, वेम्बली, मैदानावर तळी साचलेली. वेकफील्ड १०-११ ने मागे आणि शेवटच्या क्षणी खांबांसमोरच ट्राय. डॉन फॉक्सने किक घेतली, ती बाजूने गेली, लीड्सने कप नेला. त्या दिवशीचा सर्वोत्तम खेळाडू फॉक्सच ठरला होता. आजच्या मुलांना तो व्हिडिओ दाखवला की हसतात. मी म्हणतो, त्या चिखलात आजची पोरं टी ठेवून तरी दाखवतील का?

आता पहिला प्रश्न. माझं मत हाझेम एल मसरीला. लेबनॉनच्या त्रिपोलीत जन्मलेला, बालपणी इथे आलेला, सिडनीच्याच कँटरबरी क्लबाचा विंगर (कडेने खेळणारा). न्यूझीलंडहून आलेला डॅरिल हॅलिगन त्याच क्लबात होता. २,००० गुणांचा टप्पा सर्वांत आधी त्याने ओलांडला. एल मसरी त्याच्याकडून शिकला आणि पुढे गेला: २००४ च्या एका मोसमात ३४२ गुण, कारकिर्दीत २,४१८. कॅमरन स्मिथने नंतर एकूण गुणांत त्याला मागे टाकलं, हे मान्य. पण स्मिथ कितीतरी जास्त सामने खेळला. एल मसरी किकला उभा राहिला की विरोधी प्रेक्षक ओरडायचे खरे, पण त्या ओरडण्यात दम नसायचा. चेंडू जाणार हे त्यांनाही ठाऊक असायचं.

मैदान ओलं असेल, चेंडू चामड्याचा असेल, वाळूची बादली असेल, तर मात्र मी क्रोनिनला बोलावेन. आणि नेथन क्लिअरीचं काय, असं विचारू नका. त्याची कारकीर्द संपू द्या, मग बोलू.