तुम्ही विचारलंत म्हणून: चौथीपर्यंत मराठी, मग पाचवीचं काय?

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्यातले पालक पहिलीचा प्रवेश घ्यायची वेळ आली की हमखास विचारतात, "बाई, मराठी शाळेत घालू हो, पण पाचवीपासून सगळं इंग्लिश. तिथे पोर मागे पडणार नाही ना?"

काळजी रास्त आहे. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासूनची हायस्कुलं जवळजवळ सगळी इंग्रजी माध्यमाची. पोर्तुगीजांपासून मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या. १९९० मध्ये प्राथमिकचं अनुदान मातृभाषेतल्या शाळांपुरतं ठेवायचं धोरण आलं, २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांनाही द्यायचं ठरलं आणि लोक रस्त्यावर उतरले. एवढं सगळं माध्यमावरून झालं, पण चौथीतून पाचवीत जाणाऱ्या मुलाचं नेमकं कुठे अडतं याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

माझं उत्तर असं: मूल मराठी सुरळीत वाचत असेल तर बिनधास्त घाला, आणि चौथीच्या दिवाळीपासून पाचवीची तयारी सुरू करा. मराठीच अडखळत वाचणारं मूल इंग्रजी शाळेतही अडखळणारच, फक्त ते घरी उशिरा कळतं. तिथे प्रश्नोत्तरं पाठ करून गुण मिळतात आणि वाचता येत नाही हे झाकलं जातं.

वाचन तपासायला पाच मिनिटं पुरतात. तिसरीतल्या मुलाला दुसरीच्या पातळीचा, पण पूर्वी न पाहिलेला उतारा द्या. पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ असतो. बोट न ठेवता वाचतो का, आणि पुस्तक मिटून काय वाचलं ते स्वतःच्या शब्दांत सांगतो का, एवढंच पाहा. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाने कोकणीत सांगितलं तर हरकत नाही. अर्थ कळला की भाषा पुढे सुधारता येते.

आता गणित, कारण पाचवीत पहिला फटका तिथेच बसतो. मराठीत 'पस्तीस' म्हणताना पाच आधी येतात आणि तीस नंतर, इंग्रजीत 'थर्टी फाइव्ह' म्हणताना तीस आधी. बाईंनी तोंडी संख्या सांगितल्या की मूल घाईत ५३ लिहितं. 'एकोणतीस'सारख्या संख्या तर पुढच्या दशकाच्या नावावर उभ्या असतात, त्यामुळे 'ट्वेंटी नाइन' ऐकून क्षणभर थांबावंच लागतं. फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा गोंधळ वेगळाच. मुलाला आजवर देवनागरी आकडे शिकवले असतील तर १ आणि ९ यांच्या इंग्रजी रूपांचीही गल्लत होते. उपाय सोपा आहे: रोज दहा संख्या इंग्रजीत सांगा, मुलाने त्या आकड्यांत लिहायच्या. महिनाभरात हात बसतो.

त्याहून चकवणारी गोष्ट वाक्यरचना. "सातमधून चार वजा कर" यात सात आधी. "सबट्रॅक्ट फोर फ्रॉम सेव्हन" यात चार आधी. मूल डावीकडून जे दिसेल ते मांडतं, चारातून सात जात नाहीत म्हणून उलटं करतं किंवा रिकामं सोडतं. घरचे म्हणतात, साधी वजाबाकीसुद्धा येत नाही! वजाबाकी त्याला दुसरीपासून येते. 'फ्रॉम' दिसला की त्याच्यापुढची संख्या वर लिहायची, एवढं आठवडाभर घोटून घ्या.

शब्दांसाठी एक वही करा. डाव्या रकान्यात मराठी, मधे इंग्रजी, उजवीकडे मुलाने स्वतः केलेलं उदाहरण. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी, अपूर्णांक, अंश, छेद, लसावि, मसावि, परिमिती, क्षेत्रफळ. असे साठेक शब्द झाले की पाचवीचं गणिताचं पुस्तक परकं राहत नाही. पुस्तक शेजारच्या सहावीतल्या मुलाकडून आणता येतं. तिसरा रकाना गाळू नका, नाहीतर वही म्हणजे आणखी एक पाठांतर होतं.

पाचवी सुरू झाल्यावर घाबरून लावलेल्या शिकवणीपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. शिकवणीत बहुधा धडा मराठीत सांगून उत्तरं इंग्रजीत उतरवून देतात. मूल फळ्यावरचंही अक्षर अक्षर बघून उतरवतं, वही सुंदर दिसते, पालक खूश होतात. वही उघडून एका वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, "हांगा कितें बरयलां?" (इथे काय लिहिलंय?) सांगता आलं नाही तर ती वही नुसती नक्षी.

पहिल्या चाचणीचा पेपर घरी आला की एकूण गुणांवर थांबू नका. नुसत्या आकड्यांची गणितं बरोबर आणि शाब्दिक उदाहरणं चुकलेली असतील तर अडचण भाषेची आहे, दोन-तीन महिन्यांत सुटते. दोन्ही चुकली असतील तर चौथीचंच काही राहिलंय, ते आधी भरून काढा. मुलाला पुन्हा इंग्रजी शब्दांना जुंपून उपयोग नाही.

मला सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. पाहुण्यांसमोर, मुलाच्या देखत, "आमचो मराठी शाळेंतलो, ताका इंग्लीश येना" असं म्हटलं जातं. पाचवीतलं मूल ते ऐकून वर्गात हात वर करायचं सोडतं. नववी-दहावीपर्यंत तेच मूल आपली प्राथमिक शाळा कोणती हे सांगायला लाजतं. विज्ञानात हुशार असलेली मुलंसुद्धा केवळ इंग्रजीत विचारायची भीती वाटते म्हणून शंका विचारत नाहीत. हे वाक्य घरात बंद करा.

मराठी शाळेत घालू नका असं मी कधी सांगेन? चारही वर्ग एकाच शिक्षकावर असतील आणि तो निवडणुकीच्या किंवा याद्यांच्या कामाला गेला की शाळा उघडी असूनही शिकवणं बंद पडत असेल, तर. प्रवेशाआधी दोन वेगवेगळ्या दिवशी, न कळवता, सकाळी दहाच्या सुमारास जाऊन बघा. दारात बालरथ (सरकारी योजनेतली शाळेची बस) येतो म्हणून मात्र शाळा ठरवू नका. बसची सोय खरी आहे, पण ती वर्गाच्या दारापाशी संपते.

हायस्कूल निवडताना मुख्याध्यापकांना एकच विचारा: मराठी प्राथमिकमधून आलेल्या मुलांसाठी पहिल्या महिन्यात तुम्ही वेगळं काय करता? "मुलं आपोआप शिकतात" असं उत्तर आलं तर दुसरं हायस्कूल पाहा. एखादे सर तासाला मराठीत समजावून मग इंग्रजी शब्द देतात असं कळलं, तर तिथे घाला.