कोणी काय शोधलं, ते कोणाला कळावं?

देवगडला लागून जामसंड्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेल्या स्क्रीन, फुगलेल्या बॅटऱ्या, पावसात भिजून बंद पडलेले फोन हे रोजचं काम. पण हल्ली काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून लोक एक निराळाच प्रश्न विचारतात. "दादा, मी गूगलवर काय बघलंय, ता कोणाक कळता काय?"

विचारणारी बहुतेक वेळा बाई असते. कोणाला पाळीबद्दल वाचायचं असतं, कोणाला नवऱ्याच्या दारूबद्दल, कोणाला टीबीच्या गोळ्यांबद्दल. दवाखान्याच्या पायरीवर सकाळी कोण बसलं होतं, ते आमच्याकडे तिन्हीसांजेपर्यंत वाडीभर होतं, आणि वाय-फायची वायर टाकणारा केबलवाला नात्यातलाच असतो. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिला. त्या हक्काची गरज शहरापेक्षा अशा गावात जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

लोकांना ब्राउझरमधलं इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्ट्री न ठेवणारी खिडकी, माहीत असतं. त्याने फक्त तुमच्या फोनमधली हिस्ट्री राहत नाही. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे नेट पुरवणाऱ्याला दिसू शकतं, आणि त्या साइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या नेट जोडणीचा क्रमांक, कळतो. त्यापुढचं हवं असेल तर टॉर ब्राउझर, म्हणजे तुम्ही कुठून बघताय ते साइटपासून लपवणारा ब्राउझर. अँड्रॉइडवर त्याची पक्की आवृत्ती 2019 मध्ये आली. आयफोनवर त्याऐवजी टॉरवरच चालणारा अनियन ब्राउझर वापरावा लागतो.

हे चालतं कसं, ते मी आंब्याच्या पेटीवरून सांगतो. पेटी तीन गाड्या बदलत मुंबईला गेली, तर पहिल्या ड्रायव्हरला पाठवणारा माहीत, शेवटच्याला घेणारा माहीत, मधल्याला दोघेही नाहीत. टॉरमध्ये तुमची मागणी अशीच जगभरातल्या स्वयंसेवकांच्या तीन संगणकांमधून जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर कुलपाचा एकेक थर निघतो. म्हणून वेग कमी पडतो. व्हिडिओ अडखळतात, आणि 'तुम्ही माणूस आहात ना' ही परीक्षा पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ते सोसावं.

फाइल पाठवण्याची गोष्ट जास्त नाजूक आहे. खाडीकाठचे एक काका रात्री चाललेल्या वाळू उपशाचे फोटो घेऊन आले होते. (त्यांना विचारून लिहितोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) "हे पेपरवाल्याक पाठवूचे आसत, पण माजा नाव खंयच येता नये." आम्ही त्यांच्या फोनवर अनियनशेअर टाकलं, हे टॉरमधून फाइल पाठवायचं अ‍ॅप. यात फाइल कुठल्याही कंपनीकडे चढत नाही. ती फोनमध्येच राहते, फोनच तेवढ्यापुरता सर्व्हर होतो आणि एक लांबलचक पत्ता मिळतो. समोरच्याने तो टॉर ब्राउझरमध्ये उघडून फाइल उतरवून घ्यायची. तोवर दोघांचंही नेट चालू हवं. त्या संध्याकाळी लाइट गेली, वाय-फाय गेलं, मग दोन काड्यांच्या रेंजवर डेटा चालू ठेवला. बॅटरी वाचवणारी सेटिंग आधी बंद करावी लागते, नाहीतर स्क्रीन विझली की फोन अ‍ॅपलाही झोपवू शकतो. आणि तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असता तर सगळंच मुसळ केरात, कारण तिथे नंबर दिसतो. आम्ही सिग्नल हे निरोप पाठवायचं दुसरं अ‍ॅप वापरलं. 2024 पासून त्यात समोरच्याला नंबर न दाखवता युजरनेमवर बोलता येतं.

खरा वेळ मात्र फोटोंवर गेला. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांश बसतात. ते पुसले. पण निम्म्या फोटोंत काकांच्याच कुंपणाचा कोपरा आणि त्यांचा वाकडा माड होता. गावातल्या कोणीही बघताक्षणी सांगितलं असतं, की हे अमक्याच्या परड्यातून काढलेत. त्यावर कुठलंही नेटवर्क काही करू शकत नाही. आम्ही फक्त साकवावरून काढलेले ठेवले, तिथून सगळेच ये-जा करतात.

टॉर उघडून स्वतःच्या जीमेलने लॉगिन केलंत, तर त्या साइटला तुम्ही कोण ते तुम्हीच सांगितलंत. टॉरवरून टॉरेंट उतरवू नका, त्यात खरा आयपी फुटतो. ऑर्बोट नावाच्या अ‍ॅपने बाकीची अ‍ॅप्स टॉरमधून नेता येतात, पण नंबरावर चालणारं अ‍ॅप तुमचा नंबर ओळखतंच. टॉर ब्राउझर बंद केला की हिस्ट्री जाते, उतरवलेली फाइल मात्र फोनमध्येच राहते. तुम्ही टॉर वापरताय एवढं नेटवाल्याला कळू शकतं, ते झाकायला त्यातच ब्रिजची, म्हणजे आत शिरायच्या आडवाटेची, सोय आहे. टॉर वापरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. त्यावरून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच.

आणखी एक. "बायकोच्या फोनात काय चलता ता माका दिसात असा कायतरी घालून दी" असं सांगायलाही माणसं येतात. मी ते काम घेत नाही, कोणीही येवो. कारण फोनमध्येच पाळतीचं अ‍ॅप बसलं असेल तर टॉरच्या तीन टप्प्यांचा उपयोग शून्य. जे स्क्रीनवर दिसतं ते त्यालाही दिसतं. म्हणून टॉर मागायला आलेल्या प्रत्येक बाईला मी आधी सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिन उघडून दाखवतो, फोनवर जादा ताबा दिलेली अ‍ॅप्स तिथे दिसतात. तिथे अनोळखी नाव चालू दिसलं तर लगेच काढून टाकू नका, काढल्याचंही पाळत ठेवणाऱ्याला कळू शकतं. घरात मारहाणीची भीती असेल तर आधी भरवशाच्या माणसाशी बोला, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा, तोही दुसऱ्याच्या मोबाईलवरून. माझ्या दुकानातला फोन त्यासाठी कोणीही मागावा.