तुम्ही विचारलंत म्हणून: सोलर डिझाइनसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

नुकती दोन-चार घरांची कामं केलेला माणूस असो की गोदामांची अख्खी छतं भरणारी कंपनी, मला प्रश्न एकच येतो: "डिझाइनसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" विचारणाऱ्याला नाव हवं असतं. नावं मी सांगतेच, इथेही सांगणार आहे. पण त्याआधी मी एक उलट प्रश्न विचारते: त्या सॉफ्टवेअरमधून जो रिपोर्ट बाहेर पडेल, तो वाचणार कोण?

घरमालक वाचणार असेल, तर त्याला दोन गोष्टी बघायच्या असतात. आपल्या छतावर पॅनेल कशी दिसतील आणि बिल किती कमी होईल. कारखान्याचा इंजिनिअर वाचणार असेल, तर तो स्ट्रिंगा (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलच्या माळा) मोजेल, केबलची लांबी विचारेल, इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारं यंत्र) कुठे लावणार ते विचारेल. आणि प्रकल्पाला कर्ज देणारी बँक वाचणार असेल, तर तिच्या सल्लागाराला प्रत्येक तोट्याचा हिशेब हवा असतो, शिवाय वाईट वर्षी किती वीज येईल हेही. तीन वाचक, तीन वेगळी कागदपत्रं. तिघांनाही सारखंच खूश करणारं एक सॉफ्टवेअर अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

आता नावं. घरांच्या कामात ऑरोरा सोलर आणि ओपनसोलर ही बरीच वापरली जातात. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, उपग्रहाच्या चित्रावर छत आखता येतं आणि शेवटी ग्राहकाला दाखवण्याजोगं प्रपोजल निघतं. ओपनसोलर तर इन्स्टॉलरना मोफत देण्याच्या धोरणावरच नावारूपाला आलं. व्यावसायिक छतांसाठी हेलिओस्कोप हाताला फार लवकर बसतं. मोठ्या सपाट छतावर रांगांमधलं अंतर बदलून पाहायचं असेल, तर त्यात काही मिनिटांत चार पर्याय होतात. ते बनवणारी कंपनी 2021 मध्ये ऑरोरानं विकत घेतली. बर्लिनच्या व्हॅलेंटिन सॉफ्टवेअरचं पीव्ही सोल सावलीच्या त्रिमितीय कामात चांगलं आहे. आणि बँकेसमोर जायचं असेल, तर पीव्हीसिस्ट. जिनिव्हा विद्यापीठात जन्मलेलं हे सॉफ्टवेअर आजही विंडोजवरच चालतं, दिसायला रुक्ष आहे, शिकायला वेळ लागतो. पण कर्ज देणाऱ्यांच्या सल्लागारांना त्याचा रिपोर्ट पाठ असतो. कुठल्या पानावर काय असतं हे त्यांना न शोधता कळतं, आणि ही सोय लहान नाही.

मोफत साधनंही कमी लेखू नका. अमेरिकेच्या एनआरईएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं (डिसेंबर 2025 मध्ये तिचं नाव नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज झालं) पीव्हीवॉट्स आणि युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस ही दोन्ही पटकन अंदाज काढायला उत्तम आहेत. त्याच प्रयोगशाळेचं सॅम त्याहून खोल जातं, कर्जाचे हप्ते आणि परताव्याचा हिशेबही करतं. विकत काहीही घेतलंत तरी पडताळणीसाठी यातलं एक हाताशी असावं, असा माझा आग्रह असतो.

हे झालं नावांचं. पण ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी खरं तर एकच काम करायला सांगते: डेमो बघून निर्णय घेऊ नका. तुम्ही स्वतः बसवलेला, निदान एक वर्ष चाललेला प्रकल्प घ्या आणि तो त्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून उभा करा. डेमोतलं छत नेहमी सरळ असतं. टाकी नाही, जिन्याची खोली नाही, शेजारची उंच इमारत नाही. तुमच्याकडे मात्र मीटरचे खरे आकडे आहेत, आणि प्रत्येक कोपरा तुमच्या पायाखालून गेलेला आहे. मुद्दाम अडचणीचं, सावली पडणारं छत निवडा.

आकडे ताडताना वर्षाच्या बेरजेवर थांबू नका, महिनावार बघा. बेरीज जुळते तेव्हा कधी कधी दोन चुका एकमेकींना झाकत असतात. उन्हाळ्यात सॉफ्टवेअर जास्त वीज दाखवतंय आणि बाकीचे महिने जुळतायत, तर तापमानाचं गणित तपासा. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यापुढे सेल जितका तापेल तितकी दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते. छताला चिकटवून बसवलेलं पॅनेल मोकळ्या स्टँडवरच्या पॅनेलपेक्षा जास्त तापतं, तेव्हा सॉफ्टवेअर हा फरक विचारतं का, हे पाहायचं. उलट हिवाळ्यातच आकडे फुगलेले दिसले, तर संशय सावलीवर घ्यायचा. सूर्य खाली असतो, कठड्याची आणि टाकीची सावली लांब पडते, आणि वरून काढलेल्या चित्रात कठड्याची उंची दिसत नाही. ती टेप लावूनच मोजावी लागते.

एक काळजी इथे घ्यायला हवी. सॉफ्टवेअर 'सरासरी वर्षा'चं हवामान धरतं, तुमचं मीटर मात्र एका विशिष्ट वर्षाचं असतं. ते वर्ष ढगाळ गेलं असेल तर सॉफ्टवेअरला उगाच दोष जाईल. पीव्हीजीआयएसवर ठरावीक वर्षांची ताशी आकडेवारी मिळते, तिच्यावरून तुमचं वर्ष कसं होतं याचा अंदाज येतो. हीच गोष्ट दोन सॉफ्टवेअरची तुलना करतानाही लक्षात ठेवायची. एकात मेटिओनॉर्म या हवामान-संग्रहाचा डेटा असेल आणि दुसऱ्यात सोलारजिस या वेगळ्या संग्रहाचा, तर दिसणारा फरक बहुधा हवामानाच्या फाइलचा असतो. दोन्हींत एकच फाइल घाला, मग बोला. फाइल बाहेरून घालता येत नसेल, तर तोही त्या सॉफ्टवेअरचा एक गुण म्हणून नोंदवा, उणे खात्यात.

आता तोट्यांकडे येऊ, कारण माझ्या मते सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथेच होते. पीव्हीवॉट्स आपणहून सुमारे 14 टक्के तोटा धरतं. तो आकडा आकाशातून पडलेला नाही. त्यात धुळीचे 2 टक्के आहेत, सावलीचे 3, पॅनेलांच्या आपसातल्या फरकाचे 2, वायरिंगचे 2, जोडण्यांचा अर्धा, पहिल्या उन्हात पॅनेलची क्षमता घटते त्याचा दीड, लेबलवरच्या क्षमतेतल्या तफावतीचा 1 आणि प्रकल्प बंद राहण्याचे 3. प्रत्येक तोट्यानंतर उरणारा हिस्सा एकापुढे एक गुणत गेलं की एकूण तोटा 14.08 टक्के येतो. आता हाच 14 चा आकडा कोणी जसाच्या तसा उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, आणि तिथे सावली त्रिमितीय मॉडेलवरून वेगळी मोजली जात असेल, तर सावली दोनदा वजा झाली. ग्राहकाला कमी वीज सांगितली गेली, आणि कदाचित काम हातचं गेलं. म्हणून ज्या सॉफ्टवेअरमध्ये तोटे एकेक करून उघडे दिसतात आणि बदलता येतात, त्याला मी जास्त मार्क देते. 'एकूण कार्यक्षमता' असा एकच बंद आकडा देणाऱ्याला नाही.

दिशेच्या कोनाबद्दलही सांगते, कारण इथे जाणते लोक फसतात. पीव्हीवॉट्स आणि हेलिओस्कोपमध्ये उत्तर म्हणजे 0 आणि दक्षिण म्हणजे 180 अंश. पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे 0, पूर्व उणे 90 आणि पश्चिम अधिक 90. पीव्हीसिस्टही उत्तर गोलार्धात असंच मोजतं. एकातला आकडा न बदलता दुसऱ्यात गेला, तर दक्षिणेकडे तोंड असलेलं छत उत्तरेकडे फिरतं. कल कमी असेल तर वीज थोडीच घटते, म्हणून चूक लगेच डोळ्यांवर येत नाही, आणि हेच जास्त वाईट.

घरांच्या कामात वेग महत्त्वाचा, हे मला मान्य आहे. ग्राहकासमोर बसून पॅनेल हलवून दाखवता आली पाहिजेत. तरी प्रपोजलमधल्या बचतीच्या आकड्याला मी वेगाच्याही वर ठेवते. ते घर वीज कधी वापरतं, हे सॉफ्टवेअर विचारतं का? दिवसभर कुलूप असलेलं घर आणि दिवसभर माणसं असलेलं घर, दोघांचं बिल सारखं असलं तरी बचत सारखी होईलच असं नाही. ग्रीडला दिलेल्या विजेचा दर घेतलेल्या विजेइतका नसेल, तिथे हा फरक मोठा होतो. दरवर्षी वीजदर किती वाढतील, हा आकडाही बघा. तो थोडा वर सरकवला की पंचवीस वर्षांची बचत डोळे दिपवणारी दिसते. कोणता आकडा धरलाय हे ग्राहकाच्या कागदावर लिहून येत नसेल, तर ते प्रपोजल ग्राहकाशी प्रामाणिक नाही, असं मी मानते.

व्यावसायिक कामात स्ट्रिंगची परीक्षा मुद्दाम घ्या. मी नेहमी एक उदाहरण देते. पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसतानाचं) 49.5, इन्व्हर्टरची कमाल मर्यादा 1000 व्होल्ट. 20 पॅनेलची स्ट्रिंग केली की 990 व्होल्ट होतात, म्हणजे वरवर सगळं ठीक. पण थंडीत व्होल्टेज चढतं. डेटाशीटवर दर अंशाला 0.27 टक्के लिहिलंय आणि त्या जागी तापमान शून्यापर्यंत उतरतं असं धरा. 25 अंश खाली, म्हणजे 6.75 टक्के वाढ. एका पॅनेलचे 52.84 व्होल्ट झाले आणि स्ट्रिंगचे जवळपास 1057. थंड पहाटेनंतर पहिलं ऊन पडताच इन्व्हर्टर मर्यादेबाहेर गेला. 19 पॅनेल केली तरी 1004 होतात, म्हणून 18 वरच थांबायचं. तेव्हा ट्रायलमध्ये जाणूनबुजून 20 ची स्ट्रिंग टाका. चांगलं सॉफ्टवेअर तिथल्या किमान तापमानावरून तुम्हाला अडवेल. जे मुकाट्यानं पुढे जाऊन सुंदर लेआउट छापतं, ते विक्रीसाठी वापरा, इंजिनिअरिंगसाठी नको.

मोठ्या कामात इन्व्हर्टर पॅनेलच्या क्षमतेपेक्षा लहान घेतात, तेव्हा काही वीज कापली जाते. बहुतेक सॉफ्टवेअर तासाची सरासरी धरतात. 100 किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर अर्धा तास 120 किलोवॉटचं ऊन आणि अर्धा तास ढगामुळे 40 किलोवॉट आलं, तर सरासरी 80 दिसते आणि कापणी शून्य. प्रत्यक्षात पहिल्या अर्ध्या तासात 10 युनिटं वाया गेली. ढगांची ये-जा असलेल्या जागी डीसी-एसी गुणोत्तर (पॅनेलची क्षमता इन्व्हर्टरच्या किती पट) जास्त ठेवणार असाल, तर तासाहून बारीक हिशेब करणारं साधन बघा. नाहीतर तेवढी कात्री स्वतः लावा.

"मग दोन सॉफ्टवेअर घेऊ का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. बँकेच्या कर्जावरचे प्रकल्प नियमित येत असतील तर हो, विक्रीसाठी एक आणि पीव्हीसिस्ट दुसरं. अधूनमधूनच येत असतील, तर तेवढ्यापुरतं बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतलेलं बरं. दोन सॉफ्टवेअर म्हणजे छत दोनदा आखणं, मापं दोनदा भरणं, आणि आकडे वेगळे आले की कोणते खरे यावर ऑफिसात वाद. एका माणसाला एक सॉफ्टवेअर पक्कं येणं, हे चौघांना तीन सॉफ्टवेअर अर्धवट येण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

राहता राहिली गोष्ट पैसे भरण्याआधी विचारायची. सबस्क्रिप्शन बंद केलं तर जुने प्रकल्प उघडता येतील का? लेआउट डीएक्सएफ किंवा डीडब्ल्यूजी या ड्रॉइंगच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का, म्हणजे स्ट्रक्चरवाल्याला तो ऑटोकॅडमध्ये वापरता येईल? वर्षाच्या 8760 तासांचे आकडे सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, मिळतात का? बाजारात नव्यानं आलेलं पॅनेल लायब्ररीत नसेल, तर ते तुम्ही स्वतः भरू शकता का, की कंपनी भरेपर्यंत थांबायचं? छतावरची प्रणाली पंचवीस वर्षं चालते. दहा वर्षांनी इन्व्हर्टर बदलताना मूळ स्ट्रिंगचा नकाशा लागणार आहे, आणि तोपर्यंत सॉफ्टवेअर कंपनी विकली गेलेली किंवा तिचे दर बदललेले असू शकतात. म्हणून प्रकल्प पूर्ण झाला की त्याच दिवशी लेआउट, स्ट्रिंगचा नकाशा आणि ताशी आकडे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या, आणि ट्रायल चालू असतानाच हे तिन्ही खरोखर उतरतात का, ते करून बघा.