आमची वाटचाल: टॉमी, मशीन आणि हवेचा काटा

नागपुरात आमचं दुकान सुरू झालं ते दोन टॉम्या (टायर रिमवरून काढायच्या लोखंडी पट्ट्या), एक हातोडा आणि एका काँप्रेसरवर. काम ट्यूबवाल्या टायरचं होतं. ट्यूबला पावडर लावायची, थोडी हवा भरूनच ती आत बसवायची, म्हणजे पिळवटत नाही आणि टॉमीखाली चिमटत नाही. चिमटलीच तर नवी ट्यूब, विषय संपला. ट्यूबलेस आल्यावर चुकीची किंमत बदलली. आता हवा अडवते ती टायरची कडा, म्हणजे बीड. टॉमीने बीडचं रबर सोललं, तर हवा रोज थोडीथोडी उतरते आणि पंक्चर मात्र कुठेच सापडत नाही. टायर काढायचं-चढवायचं मशीन घेतलं ते यासाठी. वेळ वाचला हा वरचा फायदा.

मशीन असलं तरी समज हाताचीच लागते. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. एका बाजूचा बीड त्यात दाबून धरला, तरच समोरची बाजू कडेवरून चढते. जोर लावावा लागतोय म्हणजे बीड खोबणीत नाही, तिथेच थांबायचं. त्याआधी रिमवर बीड बसतो त्या जागेचा गंज ब्रशने काढायचा आणि व्हॉल्व्ह नवा घालायचा. जुना ठेवून वाचणारे पैसे पुढे हवेतच जातात. बीडला टायरचीच साबणी पेस्ट लावतो. ग्रीस किंवा ऑइल लावलं तर रबर खराब होतं आणि जोरात ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो. वॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने, ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर.

हवा भरताना आधी व्हॉल्व्हची पिन काढतो. हवा झपकन आत जाते आणि दोन्ही बीड ‘फट्’ आवाज करून बसतात. 40 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) बसले नाहीत, तर पुढे भरायचं नाही: हवा सोडा, पेस्ट पुन्हा लावा. याच टप्प्यावर बीड तुटून माणसं जखमी होतात. बसल्यावर वॉलवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. नट समोरासमोर, चांदणीसारखे, आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या ताणापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने. नुसत्या हवेच्या गनने आवळले की पुढच्या पंक्चरला रस्त्यात ते हलत नाहीत.

दोनच नवे टायर घेतले तर आम्ही ते मागे टाकतो. यावर वाद होतो, कारण पुढचे लवकर झिजतात. पण पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, मागची सुटली तर गोल फिरते.

आमचा खरा धंदा मात्र हवेच्या काट्याने, म्हणजे टायरमधला दाब मोजायच्या काट्याने, बदलला. ‘सगळ्यांत 35 मारा’ ही सवय मोडायला वेळ लागला. आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी, खांबावरच्या स्टिकरवर असतो. वॉलवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, भरायचा नव्हे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा: गाडी तीन तास उभी हवी. साधारण साडेपाच अंशांना 1 पीएसआय फरक पडतो. मे महिन्यात पहाटे 30 अंशांत 33 भरलेला टायर डिसेंबरच्या 12 अंशांत 30 वर येतो, पंक्चर नसतानाही. म्हणून थंडी लागताच गाड्या तपासून घ्या म्हणतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून याला जास्तच धार आली. कमी हवेचा टायर 120 च्या वेगात सतत वाकतो, आतून तापतो आणि वॉल फाटते. उलट, धावून आलेल्या टायरमध्ये काटा चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. ती हवा सोडायची नाही. सोडली, की सकाळी टायर खाली. तापलेली गाडी आली आणि आकडा स्टिकरइतकाच दिसला, तर प्रत्यक्षात हवा कमी आहे. आम्ही चार वाढवून देतो आणि सकाळी थंड असताना पुन्हा बोलावतो. नायट्रोजनचं विचारतात. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. तपासायचा आळस त्याने भरून निघत नाही.

स्टेपनी न तपासता गाडी सोडत नाही. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर बहुधा 60 पीएसआय लिहिलेलं असतं आणि तिच्यावर 80 च्या वर पळायचं नसतं.