मधली बारा वर्षं

निफाडच्या द्राक्षबागेचा सातबारा मी तीनदा काढला. पहिला महाभूलेख या सरकारी साइटवरचा, फुकटचा. तो नुसता बघण्यापुरता असतो हे कळल्यावर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा काढला. तिसरा का काढला कोण जाणे! वकिलाकडे जायच्या आदल्या रात्री झोप लागत नव्हती, दुसरं काय.

आठ-अचा खाते उतारा, वारस नोंदीचा फेरफार, बाबांचा मृत्यूचा दाखला, हातानं काढलेली वंशावळ असं सगळं फायलीत लावलं. मामेबहीण म्हणाली, "वकिलापुढे रामायण लावू नकोस. एका पानावर तारखा लिहून ने." मग बसले लिहायला. 2011, बाबा गेले. 2012, आई, दोघे भाऊ आणि मी, चौघांची नावं सातबाऱ्यावर लागली. 2024, दादानं बाग विकायला काढली. पान छान सुटसुटीत झालं.

नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टापासून चार पावलांवर वकील मॅडमचं ऑफिस. जाड फायलीकडे त्यांनी बघितलंही नाही, ते पानच उचललं. पेनाचं टोक 2012 वर ठेवलं, 2024 पर्यंत आणलं आणि मधल्या कोऱ्या जागेवर दोनदा टेकवलं.

"मधली बारा वर्षं काहीच झालं नाही?"

झालं होतं. 2019 मध्ये दादाच्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता, पिठाच्या हातानं मी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सही केली होती. 'माझा हक्क सोडते' असं काहीतरी होतं त्यात. वाचलं नाही, हे सांगायची लाज वाटत होती, म्हणून ते वर्षच गाळलं.

"नोंदणीसाठी दुय्यम निबंधकाकडे गेला होतात? फोटो, अंगठा?"

"नाही. नोटरीचा शिक्कासुद्धा दादानंच मारून आणला."

"मग जमिनीतला हक्क त्यानं सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदवलेलं लागतं. पण समोरचा वकील तोच कागद आधी पुढे करेल. मला तो थेट कोर्टात कळला असता तर?" त्याची प्रत मागितली. माझ्याकडे कुठली असायला! सातबारे मात्र तीन.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला जमीन हवी की पैसे?" याची तयारी मी केलीच नव्हती. आईला विचारून सांगते म्हटलं आणि चाळिशीच्या बाईनं हे उत्तर द्यावं याचं माझं मलाच हसू आलं.

जिना उतरून रिक्षाला हात केला, तेव्हा आठवलं की फी विचारायची राहिली. पुन्हा दोन मजले चढले.